मांजरपाट

वाकळ अंथरायला घरातली सगळ्यात मोठी मोकळी जागा लागते. आमच्या घरात ती बाहेरच्या खोलीत आहे, दारापासून खिडकीपर्यंत, शहाबादी फरशीची. तिथं जुन्या लुगड्याचं अस्तर पसरायचं, तळहातानं सारखं करत सुरकुत्या कडेला न्यायच्या आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर खलबत्ता, उरलेल्या दोन्हींवर आजीच्या फुटलेल्या जात्याचे दोन तुकडे. अस्तर ताणून बसलं की आतल्या खोलीतून ठिगळी येते. कडेला थांबते, एक पाय ठेवून बघते, मग सावकाश चालत बरोबर मध्यावर जाऊन बसते.

सुरुवातीला मी तिला उचलून बाजूला ठेवायचे. ती परत यायची, मी परत उचलायचे, आणि तेवढ्यात ताणलेलं अस्तर सैल व्हायचं. आता मी थांबते. चहा टाकते, कुकर लावते. मांजर एका जागी बसून बसून किती बसेल? अर्धा तास, पाऊण तास. तेवढ्यात माझं पुढचं कापड निवडून होतं. वाकळ हे काही घाईचं काम नाही. एका वाकळीला मला दोन-अडीच महिने लागतात, तेही दुपारची दोन-तीन तासच बसून. त्यातला पाऊण तास ठिगळीचा.

वाकळ हा आमच्याकडचा शब्द. पुण्याकडची माणसं गोधडी म्हणतात. माझं आजोळ गडहिंग्लजकडचं, तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. आजीच्या सीमेपलीकडच्या नात्यातल्या बायका कौदी म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं, ह्या तीन वेगळ्या वस्तू असणार. एकदा आजीला विचारलं तर ती म्हणाली, "नावं काय, माणसाला बी तीन आस्त्यात. माहेरचं येगळं, सासरचं येगळं, आन् पोरं हाक मारत्यात ते येगळं."

आजी वाकळ चैत्रात घालायला घ्यायची. सुगी संपलेली, दुपारी अंगणातल्या जांभळीखाली सावली, शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन यायच्या. मिरगाच्या आत वाकळ उठली पाहिजे, असा नियम होता. एकदा पाऊस लागला की शिवलेलं कापड ओलं धरतं आणि वास सोडत नाही. म्हणून मेअखेरीस चौघी चार बाजूंना बसून हात चालवायच्या.

मीही तशीच शिवते. वाकळ काठाकडून आत शिवत न्यायची असते. पहिला फेर अगदी कडेला, मग एक बोट अंतर सोडून दुसरा, मग तिसरा. कोपरा आला की वळायचं. खाली अस्तर, मध्ये भर म्हणून जुन्या कापडाचे चार-पाच थर, वर तुकडे. तुकडे आधी जोडून घ्यायचे नसतात. शिवता शिवता एकेक ठेवत जायचं, सुईच्या टोकानंच त्याची कड आत दुमडायची आणि त्यावरून धावदोरा न्यायचा. पुढचा तुकडा आधीच्याच्या कडेवर चढतो. साधा धावदोरा, दुसरं काही नाही, पण त्यात एक गंमत आहे. फरशीवर बसून शिवताना सुई सगळ्या थरांमधून खाली गेली की तिचं टोक फरशीला टेकतं आणि बारीकसा आवाज होतो. टिक्. तो आवाज आला म्हणजे टाका अस्तरापर्यंत पोचला. मग सुई तिरपी करून वर आणायची. असे चार टाके सुईवर घेतले की अंगुस्तान घातलेल्या बोटानं सुई रेटायची आणि दोरा ओढून घ्यायचा. टिक्, टिक्, टिक्, टिक् आणि मग दोऱ्याची लांब सर्र. ठिगळी डोळे मिटून पडलेली असते, पण तिचा एक कान ह्या आवाजाकडं वळलेला असतो. एखादा टाका वरच्यावरच राहिला, टिक् वाजलं नाही, तर तो कान हलतो. माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या लक्षात येतं.

हिवाळ्यात फरशीवर बसवत नाही. तेव्हा मी मांडीवरचं काम घेते. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद षटकोनी कापायचे, त्यावर कापडाचा तुकडा दुमडून कच्चा दोरा घालायचा आणि असे षटकोन काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. जोडून झालं की कच्चा दोरा उसवून कागद काढून घ्यायचा. ही पद्धत परदेशातली, मी ती व्हिडिओ बघून शिकले. कागद मात्र अगदी इथले. कुणाच्या तरी पत्रिकेवरचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' उलट्या बाजूनं वाचत सात षटकोनांचं एक फूल होतं. मांडीवर काम असलं की मांजर मांडीवर बसू शकत नाही आणि मांजर बसलं की काम होत नाही. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक वेळा मांजरच बसलेलं असतं. त्याच्या अंगाचं तापमान अडतीस-एकोणचाळीस अंश, आपल्यापेक्षा अंश-दोन अंशानं जास्तच. पहाटेच्या थंडीत ते उठवायचं म्हणजे शेगडी स्वतःच्या हातानं विझवण्यासारखं आहे. मी उठवत नाही.

कापड निवडायची आजीची रीत मी अजून मोडलेली नाही. ती रंग बघायची नाही. कापड उचलायची आणि गालाला लावायची. "टोचतंय का बघ. टोचलं तर ते अजून कापडच हाय, वाकळंचं झाल्यालं न्हाई." आमच्याकडं जुन्या, वापरून मऊ पडलेल्या कापडाला जुनेर म्हणतात, आणि जुनेर विकत मिळत नाही. बाजारात मऊ कापड मिळतं, ते वेगळं. जुनेराचा मऊपणा कुणाच्या तरी अंगावर, शंभरदा धुऊन, दगडावर आपटून, उन्हात कडक होऊन परत घामानं ओला होऊन आलेला असतो. माझे आजोबा शाहू मिलमध्ये होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली ती मिल आता बंद आहे, पण आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या वाकळीच्या पोटात मिलच्या कापडाचे थर अजून आहेत. जाडंभरडं पांढुरकं मांजरपाट. आजोबांच्या बंड्या त्याच्याच असायच्या. नव्याची बंडी काखेत काचायची, असं आई सांगायची. आता तोच थर हाताला लोण्यासारखा लागतो.

आईनं मात्र एकदा एक गोष्ट केली, जी तिला स्वतःलाच पुढे फार लागली. मी सातवी-आठवीत असेन. दारात बोहारीण आली, डोक्यावरच्या पाटीत झळझळीत स्टीलची भांडी. आईनं आजीची दोन इरकली लुगडी आणि स्वतःच्या तीन सुती साड्या दिल्या आणि एक मोठा डबा घेतला. आजी महिन्याभरानं आली, फडताळ उघडलं आणि काही बोलली नाही. त्या वर्षी तिनं वाकळ घातली नाही. तो डबा अजून आहे, त्यात मी तांदूळ ठेवते. झाकण उघडताना दर वेळी मला ती लुगडी आठवतात. काळ्या-निळ्या चौकडीची, लाल रुंद काठाची. त्यांच्या काठाचेच सुटे दोरे काढून आजी सुईत ओवायची. रीळ विकत आणायची पद्धत तिच्याकडं नव्हती.

त्यामुळं २०१८ मध्ये आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा मी हट्ट धरला. नात्यातल्या बायकांनी चांगल्या भावनेनंच सांगितलं, की वापरलेले कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावेत. जरीच्या आणि सिंथेटिक साड्या मी दिल्या. सिंथेटिक साडीचा वाकळीला काही उपयोग नसतो. सुईखाली ती निसटते, घाम पीत नाही आणि कितीही वर्षं वापरा, ती जुनेर होतच नाही. नवी असते आणि मग फाटते, मधली अवस्था तिला नाही. सुती अकरा साड्या मी ठेवल्या.

त्या साड्यांचं गाठोडं बांधून मी कॉटखाली सारलं होतं. ठिगळी तेव्हा वर्षाची होती. आईच्या शेवटच्या आजारपणात ती आईच्या पायाशी झोपायची. आई गेल्यावर आठवडाभर ती मला घरात दिसायचीच नाही, फक्त जेवायला यायची. एका दुपारी कॉटखाली झाडू घातला तेव्हा ती गाठोड्यावर सापडली. पुढच्या दोन्ही पायांनी गाठोडं दाबत होती, एकदा डावा, एकदा उजवा, पंजे उघडत आणि मिटत. आपण कणीक तिंबतो तसं. पिल्लू असताना आईचं दूध उतरावं म्हणून मांजरं तिच्या पोटावर असे पाय चालवतात, आणि मोठी झाली तरी मऊ, ओळखीच्या उबेवर त्यांचे पाय आपोआप चालायला लागतात. मी झाडू ठेवून दिला आणि तिथंच फरशीवर बसले. त्या आठवड्यात माणसं भेटायला येत होती, बोलत होती, मीही बोलत होते. रडू मला त्या दुपारी आलं.

त्या गाठोड्यातल्या पहिल्या साडीची वाकळ झाली तेव्हा मी मुद्दाम बघितलं. वाकळीवर तीस-पस्तीस तुकडे होते. शर्टाचे, परकराचे, उशीच्या अभ्र्यांचे, धोतराचे. ठिगळी फिरून फिरून एकाच तुकड्यावर बसायची, जांभळ्या बुट्ट्यांच्या. तो आईच्या रोजच्या साडीचा. वाकळ दोनदा धुतल्यावरही तीच जागा. वास राहिला असेल, की मऊपणा, मी ते तिच्यावरच सोडलं. पण आजी गालाला लावून जे निवडायची ते मांजर पायानं निवडतं, एवढं माझ्यापुरतं ठरलं. तेव्हापासून भर निवडताना मी सगळी कापडं फरशीवर पसरून ठेवते आणि आत निघून जाते. थोड्या वेळानं येऊन बघते, ती कशावर बसली आहे.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ज्यांच्या घरात सुईदोरा आहे आणि मांजरही आहे, त्यांना ती माहीत असायला पाहिजे.

२०२२ च्या जानेवारीत आमच्याकडं चिमी होती, पाच महिन्यांचं पिल्लू, राखाडी, शेपटीचं टोक पांढरं. दोऱ्याशी खेळायची. मला ते गोड वाटायचं, मी फोटोही काढायचे. एका संध्याकाळी ती कोपऱ्यात बसून सारखी जीभ चाटत होती आणि तोंडाच्या कडेतून मरून रंगाचा दोरा बोटभर बाहेर लोंबत होता. मी तो धरला. ओढणारच होते. तेवढ्यात ती अशी काही ओरडली, की माझा हात सुटला. तो सुटला म्हणून ती वाचली, हे मला नंतर कळलं.

मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोकं घशाकडं वळलेली असतात. म्हणूनच ती आपल्याला खरखरीत लागते. त्या काट्यांवर दोरा एकदा चढला, की मांजराला तो थुंकता येत नाही. तो आतच जात राहतो. मी त्या रात्री एका ठिकाणी विचारलं, तर दोन दिवस वाट बघा, शीमधून पडेल, असं सांगितलं. मी एक रात्र वाट बघितली. सकाळी चिमीनं पाणीही ओकून टाकलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तोंड उघडून जीभ वर उचलून दाखवली. दोरा जिभेच्या मुळाशी अडकला होता आणि त्याचं दुसरं टोक पोटातून पुढं आतड्यात गेलेलं. त्यांनी जे समजावलं ते मला जन्मात विसरता येणार नाही, कारण ते माझ्याच कामातलं होतं. परकराच्या नेफ्यातली नाडी एका टोकाला पक्की असली आणि दुसऱ्या टोकाला ओढत गेलं, की कापड चुण्या पडून गोळा होतं ना, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. आतडं पुढं ढकलत राहतं, दोरा ताणत राहतो आणि ताणलेला दोरा आतड्याला आतून चिरतो. बाहेरून कुणी तो ओढला, तर तेव्हाच.

ऑपरेशन झालं. आतड्याला दोन ठिकाणी छेद द्यावे लागले. एक्स-रेमध्ये सुई दिसली नाही, तेवढं नशीब. चिमी पाचव्या दिवशी घरी आली, पोटावर टाके घेऊन. मी ते टाके खूप वेळ बघत बसले होते. सारख्या अंतराचे, सुबक, आणि माझ्या हलगर्जीपणामुळं घालावे लागलेले. आता ती तीन वर्षांची धडधाकट मांजरी आहे, राजारामपुरीत माझ्या बहिणीकडं असते.

त्या दिवसापासून माझ्या सुया सात आहेत. सहा नाही, आठ नाही. काम संपलं की सातही झाकणाच्या डबीत जातात आणि मी मोठ्यानं मोजते. दोऱ्याचं रीळ स्टीलच्या डब्यात, झाकण दाबून. कापलेले दोऱ्याचे तुकडे पूर्वी मी तसेच फरशीवर टाकायचे आणि संध्याकाळी झाडायचे. आता शेजारी तांब्या असतो, तुकडा कापला की तांब्यात. आणि कुणाच्याही मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका. तसंच उचला आणि लगेच डॉक्टरांकडं न्या. रात्रभर वाट बघू नका.

ठिगळीचं नाव ठिगळी का, ते राहिलंच. ती तिरंगी आहे. पाठीवर काळा मोठा तुकडा, त्याला लागून नारिंगी, डोक्यावर अर्धं हे अर्धं ते, आणि पोट, छाती, चारी पाय पांढरे. आईनंच नाव ठेवलं, "ही तर वाकळच हाय की गं, शिवून पाठवलीया."

माझी भाची शिवाजी विद्यापीठात जीवशास्त्र शिकत होती, तेव्हा तिनं मला ह्या ठिगळांचं गणित सांगितलं. मांजराचा नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडं एक्स एकच, म्हणून तो एकतर नारिंगी होतो किंवा काळा. मादीकडं दोन एक्स. एकावर नारिंगी, दुसऱ्यावर काळा असं असू शकतं. गर्भ अगदी बारीक असतानाच तिच्या अंगातली प्रत्येक पेशी दोनांतला एक एक्स गुंडाळून ठेवते. कुठला ठेवायचा ते त्या त्या पेशीचं नशीब. पण एकदा ठरलं, की त्या पेशीपासून पुढं होणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात. त्यातून अंगावर एक तुकडा काळा, एक तुकडा नारिंगी. मेरी लायन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली उंदरांच्या केसांवरून हे ओळखलं. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. आणि पांढरं? रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याकडून निघतात आणि खाली पोटाकडं, पायांकडं सरकत जातात. जिथं त्या पोचल्या नाहीत तिथं पांढरं राहतं. म्हणजे ठिगळीलाही वरून खाली येताना कापड पुरलं नाही, आणि खाली साधं अस्तर दिसतंय.

टेक्सासमध्ये २००१ साली शास्त्रज्ञांनी अशाच एका तिरंगी मांजरीपासून क्लोन तयार केला, जगातलं पहिलं क्लोन मांजर. मूळ मांजरीचं नाव रेनबो, पिल्लाचं सीसी. जनुकं तीच, पण सीसीच्या अंगावर नारिंगी तुकडाच नव्हता. भाचीनं दोघींचे फोटो दाखवले, तेव्हा मला माझी आणि बहिणीची वाकळ आठवली. आईच्या एकाच साडीचे दोन भाग करून आम्ही दोघींनी एकेक घातली होती. शेजारी ठेवली तर कुणी म्हणणार नाही, की हे एकाच साडीचं कापड आहे.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढंच आहे. तिरंगी मांजराला इंग्रजीत कॅलिको म्हणतात. कॅलिको हे आधी कापडाचं नाव. केरळातलं कालिकत बंदर, म्हणजे आताचं कोझिकोड, तिथून गलबतांत भरून युरोपात जाणारं आपलं सुती कापड, ते कॅलिको. पुढं अमेरिकेत रंगीत छापील सुती कापडाला कॅलिको म्हणू लागले आणि त्यावरून रंगीबेरंगी मांजरालाही. ब्रिटनमध्ये मात्र साध्या, न रंगवलेल्या, पांढुरक्या जाड सुती कापडाचं नाव कॅलिको राहिलं. म्हणजे कुठलं कापड? आपलं मांजरपाट! त्यांच्याकडं मांजराला कापडाचं नाव, आपल्याकडं कापडाच्या नावात मांजर. त्या दिवशी मी आजोबांच्या बंडीचा थर असलेली ती जुनी वाकळ काढली, फरशीवर अंथरली आणि ठिगळीला हाक मारली. ती आली, बसली, आणि मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. मांजरपाटावर मांजर.

ती वाकळ तशी दिसते नाजूक, पण तिनं महापूर बघितलाय. आम्ही तेव्हा शुक्रवार पेठेत तळमजल्यावर राहत होतो, पंचगंगेपासून फार लांब नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना तब्येत नाही, राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोराबाळांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा रात्र होती. ह्यांनी कागदपत्रांची पिशवी घेतली, मी ठिगळीला भाजीच्या कापडी पिशवीत घालून वरून ओढणी बांधली आणि छातीशी धरली. आईच्या साड्यांचं गाठोडं माळ्यावर फेकलं, ते वाचलं. वाकळींची ट्रंक खालीच राहिली.

आठ-नऊ दिवसांनी घर उघडलं. ट्रंकेत चिखल. मी आणि बहीण एकेक वाकळ बाहेर काढायचो तर दोघींना उचलायची नाही, इतकं पाणी प्यायलेल्या. पेठेतल्या रस्त्यांवर गाद्यांचे ढीग पडले होते. कापसाच्या गाद्या एकदा नासल्या की नासल्या, आत गोळे होतात, वास जात नाही. सगळ्यांनी त्या टाकून दिल्या. आम्ही वाकळी टाकल्या नाहीत. टँकरच्या पाण्यानं एकदा, मग नळ सुरू झाल्यावर दोनदा, दोन बाजूंनी दोघींनी धरून पिळून, गच्चीवर चार-पाच दिवस उलटसुलट वाळवल्या. फिरून हात लावला तर टाका एकही सुटलेला नव्हता. एक बोट अंतरावर फेर घालायचे ते ह्यासाठी. आतला थर कुठंच सरकत नाही, गोळा होत नाही, प्रत्येक बोटभर कापड आपापल्या जागी धरून ठेवलेलं असतं. गडद कापडाचा रंग थोडा पसरला आहे, मिलच्या मांजरपाटावर एक तांबूस डाग आहे, तेवढंच. २०२१ च्या जुलैत पाणी त्याहूनही चढलं, पण तेव्हा आम्ही उंचावर राहायला आलो होतो.

हल्ली प्रदर्शनांत गोधड्या विकायला असतात. नवं कोरं छापील कापड, आत फायबरची भर, मशिनवरच्या सरळ टिपा. बायकांना त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळावेत, आणि रंगसंगती कधी कधी फार सुरेख असते. पण मी तिला वाकळ म्हणणार नाही. एकदा बहिणीनं प्रेमानं एक आणून दिली. मी ती फरशीवर अंथरली. ठिगळी आली, एक पाय ठेवला, आणि पलीकडं पायपुसण्यावर जाऊन झोपली. ते पायपुसणं माझ्या जुन्या परकराचं होतं.

वाकळीचा शेवटचा भाग म्हणजे पोट. चारी बाजूंनी फेर आत येत येत मध्ये ताटाएवढी जागा उरते. ती बंद करण्याआधी आजी तिथल्या थरांत चिमूटभर तांदूळ ठेवायची. "वाकळंचं पोट रिकामं ठेवू नगं. उपाशी वाकळ माणसाला ऊब देत न्हाई." मग त्यावर सगळ्यात चांगला तुकडा ठेवायचा, चारी बाजूंनी कड दुमडायची आणि शेवटचे फेर घालायचे.

यंदाची वाकळ आईच्या अकराव्या साडीची आहे. दहा संपल्या. ही पिवळसर, बारीक काळ्या ठिपक्यांची, ती मंडईत जाताना नेसायची. मी पोटाचा तुकडा कापून ठेवलाय आणि स्टीलच्या डब्यातले तांदूळ वाटीत काढून आणलेत. मिरगाला दोन दिवस आहेत, पन्हाळ्याच्या बाजूला दुपारपासून अंधारून आलंय. आज संध्याकाळी वाकळ उठायला हवी होती.

पण ठिगळी बरोबर त्या ताटाएवढ्या जागेत येऊन झोपली आहे. आठ वर्षांची झाली ती, हल्ली तिची झोप लांबते. तिच्या पोटाखालून पिवळ्या तुकड्याचं एक टोक दिसतंय. मी सुई डबीत ठेवली, झाकण लावलं आणि मोजल्या. सात आहेत. आता कुकर लावते.